उतरायची जागा

"खरा घोडेस्वार कधी पडत नाई, तो फक्त उतराची जागा निवडते," असं गेल्या जत्रेनंतर देवाजी मास्तरांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, तेव्हा त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. जत्रेच्या शर्यतीत सलग तीन वर्षं त्यांनी एकच जागा निवडली होती: बुधरीबाईचं मोहाचं झाड. त्यांची चांदणी घोडी वाऱ्यासारखी यायची, झाडाखाली सांडलेली मोहफुलं दिसली की गपकन थांबायची, आणि मास्तर तेवढे पुढे जायचे. शर्यत काही पुरी व्हायची नाही.

यंदा ते आधीच बुधरीकडे गेले. "बाई, शर्यतीच्या दिवशी झाडाखाली एक फूल दिसलं नाई पायजे."

"काऊन दिसन भाऊ? कोंबडा आरवाच्या आंधीच सारे येचून टाकीन."

तिनं शब्द पाळला. झाडाखालची जमीन लख्ख पाहून चांदणी थांबली नाही. उलट नाक वर करून अशी सुटली की बाकीचे सहाही घोडे मागे राहिले. "मास्तर पहिले!" गाव ओरडलं. पण चांदणी शेवटच्या रेघेवरही थांबली नाही. ती थेट बुधरीच्या अंगणात शिरली, जिथं सकाळची सगळी फुलं वाळत घातली होती, आणि तिथं गपकन थांबली.

गुलाल घेऊन लोक धावत आले. मास्तर मोहफुलांच्या मधोमध बसले होते, छाती फुगवून, जणू सिंहासनावर.

बुधरीनं त्यांना नीट न्याहाळलं. "जागा तं बेस निवडली, भाऊ. आता जरासे सरका, माहं सूप दबलं हाये."