पूर्ण वेगावर

बाबा कामाच्या खोलीतच झोपायचे. तिथल्या रॅकमध्ये घरातले सगळे फोटो साठवणारा त्यांचा सर्व्हर होता, आणि त्याचे पंखे वर्षभर भिंतीपलीकडेही ऐकू येतील असे घोंघावत होते. आई चिडायची, "अहो, हे घर आहे की पिठाची गिरणी?" बाबांचं उत्तर ठरलेलं. "मशीन तापतं गं, काय करू?"

बाबा फुप्फुसाच्या आजाराने गेले. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. त्यानंतर तो आवाज मला सहनच होईना. मी धूळ काढली, नवे पंखे बसवले, खाली रबर घातलं, रॅकच्या दाराला फोम चिकटवला. ढिम्म फरक पडला नाही. "त्यांच्यासारखंच हट्टी आहे ते," आई म्हणाली.

शेवटी वैतागून मी मशीनचं सेटिंग उघडलं. तिथल्या नोंदींप्रमाणे मशीन कधी तापतच नव्हतं. पंखे बाबांनी स्वतःच कायमचे पूर्ण वेगावर ठेवले होते.

"आई, हा आवाज नेमका कधी सुरू झाला गं?"



"मागच्या वर्षी. त्यांचा रात्रीचा खोकला थांबला ना, तेव्हापासून."