गाणाऱ्याची तहान

पहार भडक्याच्या हातात होती आणि गोऱ्या मुकादमाचं डोकं हातभर अंतरावर. त्याची चपराक आबांच्या गालावर नुकतीच बसली होती. आबा म्हणजे भडक्याचे वडील, रूळ सरळ करणाऱ्या काळ्या मजुरांच्या टोळीचे गाणारे. गुन्हा काय, तर गोऱ्या टोळीच्या पिंपातलं पेलाभर पाणी ओठांना लावलं. काळ्यांचं पिंप उन्हात, तेही सकाळीच तळाला गेलेलं.

सगळ्या टोळीच्या मुठी आवळल्या. कुणी नुसतं "घाल" म्हटलं असतं तरी मुडदा पडला असता, आणि संध्याकाळी गोऱ्यांनी त्यांची वस्ती पेटवली असती.

"लेका, पहार रुळाखाली घाल," आबा म्हणाले.

भडक्याला जन्मदात्याची लाज वाटली. मार खाऊन वर कामाला लागा म्हणतो म्हातारा! पण शब्द मोडवेना. त्याची पहार रुळाखाली गेली, मागोमाग सगळ्यांच्या गेल्या. मुकादम मिशीत हसला.

उन्हानं रूळ वाकला होता आणि गाडी यायच्या बेतात होती. एरवी आबा गाण्याची ओळ टाकत, टोळी धृपद धरी, समेवर सगळ्यांचा जोर एकदम पडे आणि रूळ गरीब गाईसारखा सरके. आज आबा रुळाखालच्या लाकडी स्लीपरवर मांडी घालून बसले. तोंडातून चकार शब्द नाही.

मुकादमानं रेल्वेचं घर खाली करायला लावीन म्हणून दम भरला. आबा जागचे हलले नाहीत. मग तो स्वतःच एक-दोन-तीन ओरडू लागला. कुणी लबाडी केली नाही. पण एकाचा जोर दोनवर पडे, दुसऱ्याचा तीन सरल्यावर. रूळ ढिम्म. गोऱ्या टोळीला जुंपलं. ते बोल्ट आवळण्यात पटाईत, पण रूळ हलवायचं काम त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. त्यांच्या पहारी एकमेकींवरच आपटल्या. कुणीतरी फिसकन हसलं. भडक्यानं पाहिलं, आपली माणसं निवांत उभी आहेत आणि घाम फुटलाय तो मुकादमाला.

लाल बावटा पाहून गाडी थांबली. खिडक्याखिडक्यांतून माना बाहेर आल्या. गाडीतून रेल्वेचे मोठे साहेब उतरले, खोळंबा कशाचा म्हणाले. मुकादमानं सांगितलं, हा थेरडा गात नाही.

आबा हात जोडून उठले. "गातो की साहेब. पण घसा कोरडा पडलाय. माझ्या एकट्याचा नाही, सगळ्या टोळीचा."

साहेबांनी एक पिंप पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सगळ्या खिडक्या पाहिल्या. आजपासून पिंप एकच, ते म्हणाले, आणि आत्ता पाणी मुकादमानं वाढायचं.

मुकादमानं वाढलं. सगळे प्याले. आबा शेवटी प्याले, देवाचं नाव घेऊन. मग त्यांनी गोऱ्या गड्यांनाही मध्ये मध्ये उभं केलं आणि मुकादमाला म्हणाले, "या की, शेवटच्या पहारीला जागा आहे." साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुकादम वाकला.

आबांनी ओळ टाकली. धृपद पार इंजिनापर्यंत घुमलं आणि रूळ सरकला. भडक्याच्या खांद्याला खांदा घासून मुकादमही घसा फोडून गात होता. सूर साफ घसरलेला, पण समेवर मात्र तो सगळ्यांबरोबर आला.