ओवीची परीक्षा

बाहुलीच्या हातात सुई अचूक बसली, तरी ओवीने डॉक्टर सबनीसांना शून्य दिलं. डॉक्टरांच्या प्रशिक्षणात आज परीक्षक होती ती, दर महिन्याला रक्त चढवून घेणारी आठ वर्षांची पेशंट. जो पास होईल, त्यानेच आज आपल्याला टोचायचं, ही तिची अट.

"शून्य का गं?"

"तुम्ही तिला सांगितलंत, मुंगी चावेल. मुंगी अशी चावते का, काका? खोटं!"

मागे त्यांच्याच हाताखालचे शिकाऊ डॉक्टर खुदखुदले. सबनीसांचे कान तापले. तीस वर्षं ते प्रत्येक मुलाला हीच मुंगी सांगत आले होते.

त्यांनी बाहुलीचा हात पुन्हा धरला. "दुखेल हं, बाळा. पण दहा मोजेपर्यंतच."

ओवीने बाहुली बाजूला ठेवली आणि बाही वर सारली.

"पास! टोचा आता. अहो, सुई धरून थांबलात का? घाबरू नका, मला मुळीच दुखणार नाही."