आजोळचे घारे डोळे

"कूळ नाही, मूळ नाही, अन् म्हणे लग्न करायचंय!" परदेशात, एटोबिकोच्या कॉन्डोत वनिताआजी नातीवर, ईशानीवर कडाडल्या. तिचा आयरिश मित्र डेक्लन कागदांची चळत घेऊन उभा होता. बिचाऱ्यानं आयर्लंडच्या चर्चमधल्या जुन्या वह्या धुंडाळून आपल्या सात पिढ्या काढून आणल्या होत्या, वर डीएनएचा रिपोर्टही.

"कागद कुणीही आणतं. माझीपण थुंकी पाठवा! माझं आजोळ सरदारांचं. हे घारे डोळे काय उगाच आलेत? अस्सल रक्त कसं असतं, कळू दे याला."

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. वाचता वाचता ईशानीचा आवाज चिरकला.

"ओ माय गॉड! आजी, तुझा नि डेक्लनचा डीएनए मॅच झालाय. त्याच्या वंशावळीत आहेच, खापरपणजोबांचा सख्खा भाऊ नगरच्या छावणीत शिपाई होता. तो... तुझ्या आईचा आजोबा."

आजींनी पदर सावरला, डेक्लनला नखशिखांत न्याहाळलं आणि नातीलाच फटकारलं,

"मग मेले, माझ्या मामाकडचा आहे हे आधी नाही का सांगायचं? हक्काच्या जावयाला इतके दिवस ताटकळत ठेवलंस. जा, चहा टाक!"