सरळ साखळी

डॉक्टर मुजावरांनी मालूआत्याच्या कृत्रिम गुडघ्यातून काढलेली प्लास्टिकची चकती हेमांगीच्या हातात ठेवली. बोटभर जाडीची चकती पापडासारखी पातळ झाली होती.

“झिजून असं होत नाही,” ते म्हणाले. “हे कशानं तरी खाल्लंय.”

सांगलीचा कचरा डेपो वर्षभरात साफ करणारे जंतू हेमांगीनेच घडवले होते. बादल्या, डबे, पाइप त्यांनी फस्त केले. दुधाच्या पिशव्या तेवढ्या उरल्या, कारण त्या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्यांना फांद्या असतात आणि जंतू फांदीपाशी अडतो. सरळ साखळी मात्र तो टोकापासून खात सुटतो. आणि गुडघ्यात बसवतात ते प्लास्टिक सरळ साखळ्यांचंच. तेच माणसाचा भार पेलतं. भाचीचं काम कौतुकानं बघायला गेलेली आत्या डेपोवर पडली होती, गुडघा फुटून जखमेतून जंतू आत शिरले होते.

खाटेवरून आत्याने विचारलं, “तुझ्याच किड्यांनी खाल्लं ना गं?”

साधा जंतुसंसर्ग म्हणून वेळ मारून नेता आली असती. डॉक्टरही खाली बघत होते.

“हो आत्या. माझ्याच.”

आत्या म्हणाली, “मग इथे रडत बसू नकोस. मला सावरताना तुझी शकूमावशीही पडली होती. तिचे तर दोन्ही गुडघे बसवलेले.”

हेमांगी पोहोचली तेव्हा शकूमावशी पिशवी घेऊन, कठडा न धरता, भराभर जिना उतरत होती.

“मावशी,” हेमांगी खालून ओरडली, “आहेस तिथेच बस!”