गोष्ट रंगली की

मावशीच्या बोटांखालची अक्षरं पुन्हा एकदा खाली बसली.

"गेली," ती म्हणाली. "वाक्याच्या ऐन मध्यात."

भाचा खुर्ची ओढून शेजारी बसला. प्रकाशनाच्या कचेरीत मावशी मुद्रितं तपासायची. तिला दिसत नसल्यामुळे तिच्या संगणकाला ब्रेलची पट्टी जोडली होती. पडद्यावरची एकेक ओळ पट्टीवरच्या बारीक टाचण्या वर येऊन तिच्या बोटांना सांगायच्या. पट्टी कशी चालवायची हे संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम, म्हणजे तिचा ड्रायव्हर, भाच्यानंच लिहिला होता. घरातल्या निम्म्या लोकांची अजून समजूत होती, की तो कुठल्याशा साहेबाची गाडी चालवतो.

"आमचे साहेब म्हणतात, बोटं थकली असतील," मावशी म्हणाली. "सोमवारपासून काम दुसऱ्या कुणाला देणार आहेत."

"मी माझ्याकडे तीन दिवस पट्टी लावून ठेवली होती, मावशी. एकदाही बंद पडली नाही."

"तू वाचत होतास?"

"नाही. नुसती लावून ठेवली होती."

"मग कशी पडेल? रेंगाळत वाचलं तर माझ्याकडेही पडत नाही. गोष्ट रंगली की हटकून पडते."

भाचा हसायला गेला आणि मध्येच थांबला.

आपल्याला आत्ता किती प्रोग्रॅम वापरताहेत, याचा आकडा त्याचा ड्रायव्हर सांभाळायचा. कुणी आलं की एक वाढवायचा, गेलं की एक कमी करायचा. आकडा शून्यावर आला, की याचं काम संपलं असं समजून संगणक ड्रायव्हरला उचलून बाहेर ठेवायचा. मावशीचा वाचनाचा प्रोग्रॅम हा एक. दुसरा अधूनमधून बॅटरी बघायला डोकावायचा. एरवी तो सुखानं येऊन जायचा. पण मावशी भराभर ओळी पुढे सरकवत असली, की पट्टीला त्याच्याशी बोलायला सवड नसायची, आणि त्याला हात हलवत परतावं लागायचं.

ही परतीची वाट भाच्यानं कधी तपासलीच नव्हती. आता त्यानं ती पडद्यावर उघडली. ती सहाच ओळींची होती. तिसऱ्या ओळीत त्यानं आकड्यातून एक वजा केला होता. सहाव्या ओळीत पुन्हा एक.

"बाहेर जातो एक जण," तो हळूच म्हणाला, "आणि मी धरतो दोघं गेले."

"दुसरी कोण? मी?"

"तूच. वाचत बसलेली असताना."

मावशीनं दोन्ही हात टेबलावर पसरले आणि बोटं एकदा मिटून उघडली.

"म्हणजे ही ठीक आहेत."

"ठणठणीत आहेत. चूक माझी आहे."

"मग हेच साहेबांना जाऊन सांग. फोनवर नको. समोर उभा राहून."

त्यानं सहावी ओळ खोडली आणि तो साहेबांच्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी साहेब स्वतःच बाहेर आले. मावशीच्या टेबलापाशी जरा घुटमळले.

"कादंबरीची उरलेली ऐंशी पानं तुम्हीच संपवा," ते म्हणाले. "आणि पुढचीही तुमच्याकडेच."

"पाठवून ठेवा," मावशी म्हणाली. तिची बोटं केव्हाच पट्टीवर गेली होती.

ती वाचू लागली. आधी बेतानं, मग भराभर, मग कुणी मागे लागल्यासारखी. भाचा पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवलेला ड्रायव्हरचा आकडा बघत राहिला. एक. दोन. एक. दोन. एक. टाचण्या वर येत होत्या, खाली जात होत्या, नव्या ओळीला पुन्हा वर येत होत्या. मावशी मध्येच खुदकन हसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"थांब रे."

संध्याकाळ होऊन कचेरी रिकामी झाली. खोलीतले दिवे माणसाच्या हालचालीवर लागायचे. तिची फक्त बोटं हलत होती, त्याचे फक्त डोळे. इथे कुणीच उरलं नाही असं समजून दिवे विझले.

नुसता हात वर केला असता तरी लागले असते. पण मावशी पुन्हा हसली, आणि भाचा अंधारात तसाच बसून राहिला.