दंडाच्या हाडावरचा उंचवटा

सकाळी साडेदहा वाजता डॉ. नीलाक्षी खांबेटे प्रदर्शनासाठी जीवाश्म पुसत होती, तेव्हा दंडाच्या हाडावरचा उंचवटा ओल्या कापसाबरोबर निघून आला. बोटांना शाडू लागला.

पंख हलवणारे स्नायू त्या उंचवट्याला जोडलेले असतात. तो एवढा मोठा होता म्हणूनच तिने शोधनिबंधात ठामपणे लिहिलं होतं, की हा पंखवाला सरपटणारा प्राणी नुसता हवेत तरंगत नव्हता, पंख मारून उडत होता.

हाडं जुळवणारे ठोंबरे पेणचे. पूर्वी गणपती करायचे. “मॅडम, हात भंगलेला होता. तसा कसा मांडायचा? भरून घेतला. सरांना तेव्हाच सांगितलं होतं की!”

ती तडक संचालकांच्या खोलीत गेली. रेगे सर भजी खात होते.

“अगं, उडतच असणार तो! पंख काय वारा घालायला होते?” तेलकट बोटं तिच्याच निबंधाच्या प्रतीला पुसत ते हसले. “चारला मंत्री येतायत. ठोंबऱ्यांकडून परत बसवून घे.”

तिला त्यांची किळस आली. त्याहून जास्त किळस स्वतःची आली. उंचवटा जरा जास्तच सुबक आहे, हे तिला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र तिने दोन वाजता लिहिलं. तीन वाजता ठोंबऱ्यांनी नवा उंचवटा बसवला, तिने अडवलं नाही. चारला फीत कापली गेली. पाच वाजेपर्यंत पत्र पाठवलेलं नव्हतं.